बेचाळीस हजारांची गिटार

रुक्मिणी घाडीला कुणी विचारलं, "गिटार केवढ्याला घेतलीस?" तर ती खरा आकडा सांगते. "सेलमध्ये मिळाली गं" असं म्हणत नाही, की "निलेशने हट्ट केला म्हणून" असं मुलावर ढकलत नाही. आमच्या नाहूरच्या सोसायटीत ही गोष्ट साधी नाही. इथे दोन हजारांची साडी लिफ्टमधून वर जाईपर्यंत बाराशेची होते. पर्स तर नेहमी कुणाच्या तरी बहिणीनेच दिलेली असते. मी नीला, रुक्मिणीच्या वरच्या मजल्यावर राहते, बँकेतून निवृत्त झालेली बाई. नवऱ्याला स्वतःच्या खरेदीचा आकडा सांगताना अजूनही माझा आवाज खाली येतो. रुक्मिणीचा चढतो.

तिचं माहेर भांडुपचं. वडील बाळा मेस्त्री, मालवणकडचे. परळच्या गिरणीत कापड विणायचे साचे सांभाळायचे. चाळीतल्या एका खोलीत पाच माणसं. अकरावी झाल्यावर रुक्मिणी मुलुंडच्या एका औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला लागली. गोळ्यांच्या पट्ट्या खोक्यात भरायच्या, खोक्यांवर लेबल चिकटवायचं. खात्यात सगळ्या मुलीच. पण जेवणाच्या सुट्टीत कँटीनच्या मागच्या खोलीत कामगारांचा ऑर्केस्ट्रा तालमी करायचा, तिथे सगळे पुरुष. रुक्मिणी डबा घेऊन दारात उभी राहून ऐकायची. इतर मुली गाणाऱ्याकडे बघायच्या, ही गिटार वाजवणाऱ्याच्या डाव्या हाताकडे.

गिटार वाजवायचा तो हर्षद, स्टोअरमधला कारकून. त्याने एकदा तिला आत बोलावलं आणि गिटार हातात दिली. मग रोज सुट्टीत थोडा वेळ. हिची बोटं गोळ्यांच्या पट्ट्यांनी आधीच खरखरीत झाली होती, त्यामुळे तारांनी सोललेली इतरांना कळलीही नाहीत. तिला तीन-चार गाणी नीट वाजवता यायला लागली, तेवढ्यात ऑर्केस्ट्रा सांभाळणाऱ्या सुपरवायझरने तिला पाहिलं.

"ही कंपनीची वस्तू आहे," तो म्हणाला. "तुटली-फुटली तर कोण भरून देणार? तुला हौस असेल तर कोरसमध्ये गा."

"मला गायचं नाही. वाजवायचंय."

"मग स्वतःची आण."

त्याला वाटलं, विषय संपला. ते साल होतं ब्याऐंशी. गिरण्यांचा संप सुरू होऊन काही महिने झाले होते आणि बाळा मेस्त्रींच्या घरात येणारा पगार एकच होता, रुक्मिणीचा. दादरच्या दुकानात कलकत्त्याहून आलेली साधी गिटार तीनशे पंचवीस रुपयांना होती. तिचा महिन्याचा पगार त्याहून थोडासाच जास्त, आणि तो सगळा आईच्या हातात जायचा. तेव्हा तिने रविवारचा ओव्हरटाइम मागून घेतला. पगाराला हात लावला नाही. पावसाळा गेला, दिवाळी गेली, आणि एका रविवारी ती गिटार घेऊन चाळीत शिरली. पिशवी नव्हती, पेटी नव्हती, उघडी गिटार खांद्याला. चाळीच्या अख्ख्या गॅलरीभरचा प्रवास तिने तसाच केला.

आई दारातच उभी होती. "घरात पेजेक तांदूळ नाय आणि ह्यां काय हाडलंस गे? संपात घर बुडता हा आणि तुका गाणा-बजावणा सुचता?"

शेजारची बाई मदतीला आली. हळूच म्हणाली, "अगं सांग ना, कंपनीने बक्षीस दिली म्हणून."

"बक्षीस नाही दिली," रुक्मिणी म्हणाली. "मी घेतली."

बाळा मेस्त्री आत खाटेवर बसले होते. संपाच्या त्या दिवसांत ते फारसं बोलत नसत. त्यांनी विचारलं, "केवढ्याक?"

"तीनशे पंचवीस. रविवारच्या कामाचे."

ते गिटारजवळ आले. साच्यासमोर आयुष्य गेलेला माणूस. तारा कशा ताणल्यात, खुंट्या कशा फिरतात, हे त्यांनी बोट लावून पाहिलं. मग म्हणाले, "वाजव बघूया."

तिने वाजवलं. आई भांडी आपटत राहिली. झाल्यावर बाळा म्हणाले, "कोणी इचारल्यानी तर खरा काय तां सांग. चोरून हाडूक नाय तू."

चार दिवसांनी नाक्यावर कुणीतरी त्यांना टोमणा मारला, की बाळा, तू संपावर आणि पोरीची ऐट बघ. बाळांनी चहाचा ग्लास खाली ठेवला. "संपार मी आसंय," ते म्हणाले. "पोरगी नाय."

त्यांची गिरणी पुन्हा उघडलीच नाही. पुढे ते एका इमारतीवर वॉचमन झाले. पण त्यांनी मुलीला गिटार विक असं कधी म्हटलं नाही, आणि रुक्मिणी कंपनीच्या ऑर्केस्ट्रात हर्षदच्या शेजारी बसून सलग वीस गणपती वाजवत राहिली. सुपरवायझरने तिला पहिल्या वर्षी मागच्या रांगेत, ढोलकच्या पलीकडे बसवलं होतं. दुसऱ्या वर्षी तिने आपली खुर्ची स्वतः उचलून पुढे आणली. कुणी काही बोललं नाही. बोललं असतं तर तिने काय केलं असतं हे मी एकदा विचारलं. "खुर्ची अजून पुढे नेली असती," ती म्हणाली.

लग्नासाठी तिला बघायला मुलुंडचे घाडी आले. मुलगा मार्तंड, पालिकेच्या पाणी खात्यात. सासूबाईंनी विचारलं, "स्वयंपाक येतो ना?"

"येतो. गिटार पण येते. लग्न झालं तर ती माझ्याबरोबर येईल."

आईने डोक्याला हात लावला. मार्तंड तोवर बुटांकडे बघत बसले होते, त्यांनी पहिल्यांदा मान वर केली. "किती मोठी असते?" त्यांनी विचारलं. "आमच्याकडे कपाटावर जागा आहे."

त्या एका वाक्यावर रुक्मिणीने होकार दिला, असं ती सांगते.

कपाटावरची ती जागा पाच वर्षं टिकली. निलेश झाला, दोन वर्षांचा झाला. ब्याण्णव सालच्या एका संध्याकाळी रुक्मिणी कामावरून आली आणि तिने वर बघितलं तर कपाट मोकळं. ओट्यावर एक नवंकोरं स्टीलचं पातेलं होतं. सासूबाईंनी जुन्या साड्यांबरोबर गिटारही बोहारणीला देऊन टाकली होती.

"लाकूडच तर होतं," त्या म्हणाल्या. "वर धूळ खात पडलेलं. पातेलं उचलून बघ, जड आहे की नाही."

रुक्मिणीने पातेलं उचललं नाही. पायात चपला होत्याच. ती तशीच बाजाराकडे गेली, जिथे बोहारणी संध्याकाळी गाठोडी सोडून बसायच्या. ती बाई सापडली. गिटार नव्हती. तासाभरापूर्वी कुणी पोरगा चाळीस रुपये टेकवून घेऊन गेला होता. कोण, कुठला, तिला माहीत नव्हतं.

बोहारीण वाईट नव्हती. तिने रुक्मिणीला नीट न्याहाळलं आणि म्हणाली, "तुझी होती होय गं? मला वाटलं, घरातल्या कुणा मेलेल्या माणसाची असेल. नाहीतर कोण देतं?"

हे वाक्य रुक्मिणीने मला दोन-तीनदा सांगितलंय. प्रत्येक वेळी तिचा आवाज तसाच कोरडा असतो.

रात्री तिने मार्तंडना सांगितलं. ते म्हणाले, "आई म्हातारी आहे. तिला काय कळतं? सोड ना."

"म्हातारी आहे म्हणून तिला सोडलं," रुक्मिणी म्हणाली. "गिटार सोडली नाही."

पुढच्या पगाराच्या दिवशी ती सरळ दादरला गेली. आता तसलीच गिटार चौदाशेची झाली होती. दहा वर्षांत चौपट. तिने घेतली, घरी आणली आणि कपाटावर नाही, बाहेरच्या खोलीत खिळा ठोकून भिंतीवर टांगली, येणाऱ्या-जाणाऱ्याला पहिली तीच दिसावी अशी. त्या गणपतीत सासरचे सगळे नातेवाईक जमले तेव्हा एका चुलत सासूने विचारलं, "ही गं कितीची?"

"चौदाशे. आधीची आईंनी पातेल्यावर दिली, म्हणून ही घेतली."

सासूबाई ताटं वाढत होत्या. त्यांनी वाढणं थांबवलं नाही, पण त्यानंतर कितीतरी महिने त्या सुनेशी निलेशच्या मार्फत बोलत. "आईला सांग, दूध उतू जातंय." ते पातेलं पुढे दुधालाच वापरलं गेलं. रुक्मिणीने त्यात कधी काही शिजवलं नाही.

मला वाटलं होतं, ही गोष्ट पुढे कुठेतरी गोड होईल. सासूबाई शेवटची दोन वर्षं अंथरुणाला खिळून होत्या. रुक्मिणीने त्यांचं सगळं केलं, न्हाऊ घालण्यापासून भरवण्यापर्यंत. मी विचारलं, "मग शेवटी म्हणाल्या का गं कधी, वाजव म्हणून?"

"छे! म्हणाल्या, बंद कर ती कटकट. मी दार लावून घेतलं आणि स्वयंपाकघरात वाजवलं. त्यांना शेवटपर्यंत आवडली नाही. नसेल आवडत. मला कुठे त्यांचं भजन आवडायचं?"

कारखाना दोन हजार तीनमध्ये बंद झाला. तिथे आता काचांचे टॉवर आहेत. ऑर्केस्ट्रा पांगला, हर्षद बडोद्याला गेला. मिळालेली रक्कम निलेशच्या इंजिनिअरिंगला आणि नाहूरच्या या फ्लॅटला लागली. रुक्मिणी मुलुंडच्या एका मेडिकलमध्ये काउंटरला लागली, आणि घरी आल्यावर तीच चौदाशेची गिटार. दमट हवेने तिची मान वाकली होती. तारा लाकडापासून इतक्या वर गेल्या होत्या, की खाली दाबायला सगळं मनगट लागायचं.

निलेशला नोकरी लागली तेव्हा त्याने पहिल्या पगारातून आईला गिटार आणली. काळी, चकचकीत, चार हजारांची. मुलाने प्रेमाने आणली होती, रुक्मिणीने ती डोळ्याला लावली. पण आवाज पत्र्याच्या डब्यातून यावा तसा. ती मुलाला कधीच बोलली नाही. काळी गिटार दिवाळीला वाजवायची, बाकी वर्षभर वाकड्या मानेची.

दोन वर्षांपूर्वी तिने मेडिकलची नोकरी सोडली. एकसष्ट वय. एका रविवारी, मी तिच्याकडे चहाला गेले असताना, तिने सगळ्यांसमोर जाहीर केलं, "मी गिटार घेणार आहे. चांगली. पूर्ण लाकडाची. अंधेरीच्या दुकानात फोन करून विचारलंय. बेचाळीस हजार."

निलेशच्या हातातलं बिस्कीट चहात पडलं.

"आई, वाट लागली का डोक्याची? बेचाळीस? ऑनलाइन सहा हजारांत मस्त मिळते. मी आत्ता ऑर्डर करतो."

"नको."

"अगं, तुला कुठे स्टेजवर जायचंय आता? टाइमपासच करायचाय ना?"

"कोण म्हणालं टाइमपास?"

"तसं नाही गं... पण पप्पांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे..."

"त्याचे पैसे वेगळे काढलेत. तुझ्या पप्पांना विचार."

मार्तंडनी मान डोलावली. त्यांना त्या दिवशी पेपर नीट दिसत नव्हता, पण त्यांनी तो पुढ्यात धरून ठेवला होता.

निलेश म्हणाला, "बरं, घे. पण निदान सोसायटीत आकडा सांगत फिरू नकोस. लोक म्हणतील, पोराने आईला डोक्यावर बसवलंय. नाहीतर म्हणतील, म्हातारीला चळ लागलाय."

तेव्हा अपूर्वा, त्याची बायको, आतून बाहेर आली. ती एरवी सासू आणि नवऱ्याच्या मध्ये पडत नाही. तिने शांतपणे विचारलं, "निलेश, तुझी बाइक कितीची रे?"

"ती वेगळी गोष्ट आहे. ती लागते."

"दोन लाख दहा हजार," अपूर्वा मला म्हणाली, जसं काही मीच विचारलं होतं. "ऑफिसची बस दारात येते."

निलेश उठून गॅलरीत गेला. रुक्मिणी त्याच्या मागे गेली नाही. तिने कपात उरलेला चहा संपवला आणि मला विचारलं, "नीला, बुधवारी मोकळी आहेस?"

बुधवारी आम्ही दोघी अंधेरीला गेलो. दुकान थंडगार, भिंतभर गिटारी. विक्रेता मुलगा सभ्य होता. त्याने खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि हवी ती गिटार काढून द्यायला लागला. रुक्मिणीने चार-पाच वाजवून पाहिल्या. मग ती बेचाळीस हजारवाली हातात घेतली आणि आपलं नेहमीचं गाणं सुरू केलं.

सूर चढा लागला. तिने थांबून तारा तपासल्या. बरोबर होत्या. पुन्हा वाजवलं, पुन्हा चढा. मला त्यातलं काही कळत नाही, पण तिच्या कपाळावर घाम दिसला.

मुलगा वाकून म्हणाला, "मॅडम, थोडं हलकं दाबा. इतका जोर नाही लागत."

तिने बोटं सैल केली. आणि मग जो सूर आला, तो माझ्यासारख्या अडाणी कानालाही कळला. पूर्ण, भरलेला, खोलीभर पसरणारा. मला वाटलं, आता हिच्या डोळ्यांत पाणी येणार. पण रुक्मिणीने गिटार मांडीवर आडवी ठेवली आणि तिचा चेहरा लाल झाला. तिला राग आला होता.

"बत्तीस वर्षं," ती म्हणाली. "बत्तीस वर्षं त्या वाकड्या फळीवर मनगट मोडलं मी. मला वाटायचं, मलाच येत नाही. हात जड आहे माझा. सगळे म्हणायचे, काय करायचीय चांगली, शिकायला स्वस्तातली पुरे. कितीदा शिकायचं? आयुष्यभर शिकाऊ मालच वापरायचा का आपण?"

मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. तिने तो झटकला नाही, पण मान वळवून मुलाला म्हणाली, "कार्ड चालतं ना?"

आम्ही रिक्षाने परतलो. इमारतीच्या लिफ्टमध्ये कमिटीच्या सेक्रेटरीण बाई भेटल्या. पेटी बघून म्हणाल्या, "अय्या, गिटार! कोणासाठी?"

"माझ्यासाठी. बेचाळीस हजार."

बाईंनी माझ्याकडे बघितलं, जणू मी काहीतरी दुरुस्ती करेन. मी म्हटलं, "हो, बेचाळीस. मी होते ना बरोबर."

त्यानंतरचे महिने तिचे सरावात गेले. जुना हात सुटायला वेळ लागला. जोर कमी करायचा, हेच तिला सगळ्यात कठीण गेलं. निलेश पहिले काही आठवडे घुम्यासारखा होता. मग एका रविवारी तो हॉलमध्ये लॅपटॉप घेऊन बसला होता आणि ती आत वाजवत होती. त्याने विचारलं, "आई, ही तीच गाणी आहेत? कंपनीतली?" ती म्हणाली, "तीच." तो म्हणाला, "लहानपणी वेगळी वाटायची." एवढंच. माफी वगैरे काही मागितली नाही त्याने, आणि हिने अपेक्षाही ठेवली नव्हती.

मला ती गायला कधी बसवायला लागली, ते मलाही नीट सांगता येणार नाही. कॉलेजात गात होते मी, त्यानंतर नाव काढलं नव्हतं. "तोंड उघड, नीला. चार भिंतीत कोण खातंय तुला?" असं करत करत आमची नऊ गाणी बसली. कोजागिरीला सोसायटीच्या गच्चीवर म्हटली. तिथे अपूर्वाची एक मैत्रीण आली होती, जिच्या ओळखीच्यांचं मनोरीला सुट्टीचं घर आहे, शनिवारी पाहुणे येतात. त्या मालकाने फोन केला.

"गिटारवाला मुलगा कोण आहे?" त्याने विचारलं.

"मुलगा नाही. मी. वय त्रेसष्ट. यायचं का?"

तो गडबडला, मग म्हणाला, या.

पहिल्या शनिवारी अंगणात पंधरा-वीस माणसं होती, बहुतेक तिशीतली. आम्ही दोघी साड्या नेसून खुर्च्यांवर बसलो तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं, की यांना वाटतंय आता भजन होणार. दुसऱ्या गाण्यातच एक जण उठून आला. "आंटी, मस्त आहे हां. पण आता जरा स्पीकर लावू का? पार्टी मूड."

मी गाणं थांबवलंच होतं. रुक्मिणीची बोटं थांबली नाहीत. ती त्याच्याकडे बघत, ताल न सोडता म्हणाली, "लाव की. आमचं झाल्यावर. नऊ गाणी आहेत."

मागे कुणीतरी हसलं, पण आमच्यावर नाही. त्याला हाताला धरून कुणीतरी खाली बसवलं. मी पुन्हा सुरुवात केली, आधीपेक्षा मोठ्याने. चौथ्या-पाचव्या गाण्याला समोरच्या मुली आमच्याबरोबर गायला लागल्या. तो स्पीकरवाला शेवटपर्यंत बसून होता. नऊ गाणी झाल्यावर त्यानेच दहावं मागितलं.

"दहावं बसवलेलं नाही," रुक्मिणीने सांगितलं. "पुढच्या शनिवारी."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही खाडीपलीकडे मार्वेला परतायला होडीत चढलो. भरती होती, फळ्यांवर पाणी खेळत होतं. नावाडी म्हणाला, "मावशी, पेटी खाली ठेवा नि बसून घ्या आरामात."

"खाली ओलं आहे."

"मग मांडीवर घ्या."

मांडीवर घ्यायला जागा नव्हती. दोन्ही बाजूंना टोपल्या आणि माणसं. रुक्मिणीने पेटी पाठीवर चढवली, एका हाताने छपराचा दांडा धरला आणि ती उभी राहिली. होडी हलत होती, तिचे गुडघे दुखतात हे मला माहीत होतं. मी म्हटलं, "अगं बस, मी धरते थोडा वेळ."

"तू दहाव्या गाण्याचं बघ," ती म्हणाली आणि पलीकडच्या काठाकडे तोंड करून उभीच राहिली.